दोस्ती निजामाशी, डोळा कापसावर! यवतमाळच्या मालकीची चटपटीत कहाणी

यवतमाळ नेमकं कोणाचं, हा वाद १८५३ पासून १९४८ पर्यंत चालला. तब्बल ९५ वर्षं! एका बाजूला हैदराबादचा निजाम, दुसऱ्या बाजूला इंग्रज. गंमत म्हणजे हे दोघे शत्रू नव्हते. करारमदारांत, दरबारात, युद्धात ते एकमेकांचे जाहीर मित्र होते. तरीही वऱ्हाडचा विषय निघाला की इंग्रजांची मैत्री आटायची. असं का व्हायचं, याचं उत्तर आपल्या काळ्या मातीत आणि पऱ्हाटीच्या बोंडांत आहे. शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकलेल्या या इतिहासातले हे काही भन्नाट तुकडे.

किनारा कंपनीला, वऱ्हाड मित्राला

वऱ्हाडच्या रयतेला दोन धनी असण्याची सवय जुनी. अठराव्या शतकात इथे निजाम आणि नागपूरकर भोसले दोघेही वसुली करत. या कारभाराला ‘दोअमली’ म्हणत. १८०३ मध्ये इंग्रज आणि निजाम एका बाजूला, शिंदे आणि भोसले दुसऱ्या बाजूला अशी लढाई जुंपली. अडगाव आणि गाविलगड पडल्यावर १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह झाला. भोसल्यांकडून दोन मोठे मुलूख सुटले. कटकचा समुद्रकिनारा ईस्ट इंडिया कंपनीने स्वतःकडे ठेवला, कारण त्यामुळे बंगाल आणि मद्रास हे तिचे दोन इलाखे जोडले जात होते. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड, म्हणजे आजचा यवतमाळसुद्धा, निजामाला मिळाला. तेव्हा कंपनीच्या लेखी त्याचं मोल कमी होतं. तो स्वतःकडे घ्यायला तिला ५० वर्षं लागली.

करारात नसलेल्या फौजेचा पगार

१८०० च्या तैनाती फौजेच्या तहात निजामाने फौजेच्या खर्चापोटी बल्लारी, कडप्पा हा मोठा प्रदेश कायमचा दिला होता. म्हणजे फौजेचे पैसे भरून झाले होते. तरी पुढे रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, हेन्री रसेलच्या काळात आणखी एक फौज उभी राहिली. तिचं नाव ‘हैदराबाद कंटिंजंट’. अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, पगार मात्र निजामाच्या तिजोरीतून. वर्षाला साधारण ४० लाख रुपये! शांततेच्या काळात अशी फौज पोसावी, असं कोणत्याही तहात लिहिलेलं नव्हतं. पगार थकला की कंपनी पैसे पुरवायची आणि निजामाच्या नावे कर्ज चढवायची. या कर्जाच्या चोपडीतच पुढे वऱ्हाड अडकला.

लाटसाहेबाचा जावई भागीदार

सरकारी कर्जाच्या जोडीला खासगी सावकारीही होती. हैदराबादेतली विल्यम पामर अँड कंपनी ही पेढी निजामाच्या सरकारला शेकडा २४-२५ च्या दराने कर्ज द्यायची. तिच्या भागीदारांत सर विल्यम रम्बोल्ड होते. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जने लेकीसारख्या वाढवलेल्या मुलीचे ते पती. त्यामुळे पेढीला कलकत्त्याहून पाठबळ होतं. १८२० नंतर नवा रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ याने हे प्रकरण उघड केलं आणि पेढी बुडाली. मधल्या काळात वऱ्हाडच्या महसुलाचा काही भाग याच पेढीकडे लावून दिलेला होता. वऱ्हाडातल्या कास्तकाराने भरलेला सारा कोणाच्या व्याजात जिरत होता, हे त्याला कधी कळलंही नसेल.

पारशी पेढीने दाखवली वाट

वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर मुंबईला पहिल्यांदा नेला तो पेस्तनजी या पारशी व्यापारी घराण्याने, १८२५-२६ च्या सुमारास. त्यांनी शेतकऱ्यांना आगाऊ रकमा दिल्या, खामगावसारख्या ठिकाणी गाठी दाबण्याचे यंत्र बसवले. निजामाला कर्ज दिल्याबद्दल वऱ्हाडचा बराचसा महसूलही पुढे त्यांच्याकडे आला. रेल्वे नव्हती. कापूस बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून घाट उतरून जायचा, वाटेत धूळ खायचा, पावसात भिजायचा. तरी मुंबईच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक होतं. इंग्रज व्यापाऱ्यांचं लक्ष वऱ्हाडकडे वळलं ते या काळात.

२१ मे १८५३: मित्राची सही कशी घेतली?

हा दिवस जरा जवळून पाहू. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी, हैदराबादचा रेसिडेंट कर्नल जॉन लो, निजाम नासिरुद्दौला आणि त्याचे आजारी दिवाण सिराज-उल-मुल्क. फौजेच्या पगारापोटी ४० लाखांहून जास्त थकबाकी निजामाच्या नावे लावलेली. मुलूख तोडून द्यायला निजाम तयार नव्हता, दिवसामागून दिवस बोलणी अडत होती. मग कराराच्या आठवडाभर आधी रेसिडेन्सीतल्या मेजर डेव्हिडसनने दिवाणाला चिठ्ठी पाठवली. बोलणी संपल्यात जमा आहेत आणि पुण्याच्या गोऱ्या पलटणींना तयार राहण्याचे हुकूम गेले आहेत, असा तिचा आशय. २१ मे रोजी करार झाला. वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा पट्टा कंपनीच्या ताब्यात गेला. पाचच दिवसांत दिवाण सिराज-उल-मुल्क वारले आणि त्यांचा २४ वर्षांचा पुतण्या सालारजंग दिवाण झाला. पुढची ३० वर्षं या माणसाच्या डोक्यात एक विषय कायम राहिला: वऱ्हाड परत कसा आणायचा?

शब्दांत मात्र निजामाचा मान राखला होता. मुलूख ‘नेमून दिला’ होता, मालकी निजामाचीच होती. म्हणून इंग्रजी दफ्तरात वऱ्हाडचं अधिकृत नाव बरीच वर्षं ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असं होतं. गहाण पडलेल्या शेताचं असतं तसंच हे. कागदावर नाव जुन्या मालकाचं, पीक सावकाराच्या घरी.

सगळं परत दिलं, कापूस सोडून!

या साऱ्या कहाणीतली सर्वांत बोलकी गोष्ट हीच. १८५७ मध्ये उत्तरेत उठाव पेटला. निजाम उठावात सामील झाला तर दक्षिण हातची जाईल, अशा अर्थाची तार मुंबईच्या गव्हर्नरने हैदराबादला केल्याचं सांगतात. निजाम आणि सालारजंग इंग्रजांच्या बाजूने ठाम राहिले. १७ जुलैला रेसिडेन्सीवर हल्ला झाला, तोही परतवला गेला. या इमानाचं बक्षीस १८६० च्या तहात मिळालं. सुमारे ५० लाखांचं कर्ज माफ! रायचूर दुआब परत! नळदुर्ग-धाराशिव परत! वर सुरापूरचं संस्थानही निजामाला बहाल!

आणि वऱ्हाड? तो इंग्रजांकडेच राहिला. कर्ज तर माफ झालं होतं, मग मुलूख का ठेवला? डलहौसीने १८५६ मध्ये कारभार सोडताना लिहिलेल्या अहवालात नागपूर-वऱ्हाडकडच्या उत्तम कापूस-मुलखाचा लाभ आवर्जून नोंदवला होता. १८५७ मध्येच मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी नवा कापूस शोधण्यासाठी ‘कॉटन सप्लाय असोसिएशन’ काढली होती. मित्राचे उपकार फेडायचे, पण गिरण्यांचा माल सोडायचा नाही, हा हिशोब इतका उघडा होता.

अमेरिकेत तोफा, वऱ्हाडात तेजी

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. लँकेशायरच्या गिरण्या तोवर तीन-चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेतून घ्यायच्या. तो थांबला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव कडाडले. १८६५ ला युद्ध संपलं तसे ते कोसळले. पण तेवढ्या चार वर्षांत वऱ्हाडचं नशीब फिरलं. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावच्या छोट्याशा फाट्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. जेमतेम आठ मैलांच्या रुळांसाठी व्हाइसरॉय! लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून या कापसाला ‘ऊमरा’ म्हणायचे.

इथे आपल्या कास्तकाराचं शहाणपणही नोंदवायला हवं. मँचेस्टरला लांब धाग्याचा ‘बनी’ कापूस हवा होता. सरकारने त्यासाठी खास कापूस आयुक्त नेमला. शेतकऱ्याने मात्र आखूड धाग्याचा, पण जास्त उतारा देणारा ‘जरी’ पेरला. पुढे जपान आणि युरोपातल्या देशांनी तोच भरभरून विकत घेतला.

जिल्हा वणी, ठाणं यवतमाळ

१८६४ मध्ये वऱ्हाडचा हा आग्नेय कोपरा वेगळा जिल्हा झाला आणि पुढे त्याला ‘वणी जिल्हा’ म्हणू लागले. नाव वणीचं, कचेऱ्या यवतमाळला! पुसद तालुका तेव्हा वाशीम जिल्ह्यात होता. १९०५ च्या फेररचनेत पुसद इकडे आलं आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळालं. दक्षिणेला पैनगंगा, पूर्वेला वर्धा. पैनगंगेच्या अलीकडे इंग्रजांचा अंमल, पलीकडे माहूर-किनवटला निजामाचा. एकाच भाषेची, एकमेकांत सोयरीक असलेली माणसं नदीच्या दोन काठांवर दोन राजवटींत विभागली गेली होती.

सालारजंग लंडनला, वऱ्हाड तिथेच

सालारजंग चिकाटीचा माणूस. १८६६ पासून त्याने अर्जविनंत्या केल्या. फौजेचा खर्च भागेल एवढी मोठी रोख ठेव देतो, मुलूख मोकळा करा, असंही सुचवलं. कर्ज हेच खरं कारण असतं तर प्रश्न तिथेच मिटला असता. १८७६ मध्ये तो इंग्लंडला गेला. वाटेत पॅरिसच्या हॉटेलात पडून मांडीचं हाड मोडलं, तरी गेला. ऑक्सफर्डने मानद पदवी दिली, लंडन शहराने सत्कार केला. वऱ्हाडबद्दल मात्र उत्तर आलं की, निजाम अजून लहान आहे, तो वयात आल्यावर बोलू. १८८३ मध्ये सालारजंग गेला. त्याचं हे एकच मागणं अपुरं राहिलं.

वर्षाला २५ लाख, कायमचे

निजाम महबूब अली खान वयात आला आणि १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन स्वतः हैदराबादला जाऊन त्याच्याशी बोलला. ठरलं ते असं: वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या भाडेपट्ट्याने, भाडं वर्षाला २५ लाख रुपये. त्यातूनही १८६० नंतर झालेल्या कर्जाचे हप्ते वळते व्हायचे. भाडं कायमचं ठरलं, वाढीचं कलम नाही. पुढच्या काळात कापसाचे भाव आणि जमिनीचा सारा किती चढला, हे लक्षात घेतलं की हा सौदा कोणाच्या पदरात पडला ते कळतं. निजामाला जी.सी.बी. हा मानाचा किताब मिळाला. हैदराबादेत लोकांनी त्याची फोड केली, ‘गेव्ह कर्झन बेरार’, म्हणजे कर्झनला वऱ्हाड दिला! १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताला जोडला गेला.

शकुंतला: कापसासाठी धावलेली गाडी

त्याच सुमारास यवतमाळला रूळ आले. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, रुळांतलं अंतर अवघं अडीच फूट. बांधणारी किलिक निक्सन ही खासगी ब्रिटिश कंपनी. हेतू सरळ होता: यवतमाळ, दारव्हा, कारंजा इथल्या जिनिंग-प्रेसमधल्या गाठी मूर्तिजापूरला आणायच्या, तिथून मोठ्या गाडीने मुंबई आणि मुंबईहून बोटीने इंग्लंड. म्हणजे मुलूख भाडेपट्ट्यावर कायमचा होताच त्यातला माल हलवायची सोय झाली.

१९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन या गाडीला १९२३ पासून जोडलं ते थेट १९९४ पर्यंत. सत्तर वर्षं! नंतर डिझेल आलं. स्वातंत्र्यानंतर देशातल्या बाकी रेल्वे सरकारच्या झाल्या, ही मार्गिका मात्र खासगी कंपनीच्या मालकीची राहिली. शेवटच्या वर्षांत गाडीवर मोजकी माणसं असायची. गार्डच तिकिटं फाडायचा, इंजिन हातांनी सोडवायचं, सिग्नलचं कामही तीच माणसं बघायची. पण ज्यांच्याकडे एस.टी.च्या तिकिटाचे पैसे नव्हते, त्या गावकऱ्यांची ही हक्काची गाडी होती. आज ती बंद आहे आणि इथली माणसं त्याच मार्गावर ब्रॉडगेज मागत आहेत. गाठींसाठी टाकलेल्या रुळांवर माणसांचाही हक्क आहे, म्हणून ही मागणी रास्त आहे.

विमानं घेतली, वऱ्हाड नाही दिला

पहिल्या महायुद्धात निजाम मीर उस्मान अली खान याने इंग्रजांना सढळ हाताने पैसा दिला. समोर तुर्कस्तानचा खलिफा असतानाही इंग्रजांच्या बाजूने जाहीरनामा काढला. ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या तुकडीची पहिली विमानं निजामाची भेट होती. तिचं नावच ‘हैदराबाद स्क्वाड्रन’! १९१८ मध्ये निजामाला ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू मित्र’ हा किताब मिळाला.

या भरवशावर त्याने ऑक्टोबर १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागितला. वऱ्हाडच्या लोकांना स्वतःचा जबाबदार कारभार देण्याची तयारीही दाखवली. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगचं उत्तर २७ मार्च १९२६ चं. हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे, कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीने वाटाघाट करू शकत नाही, असं त्यात ठणकावलं होतं. ‘विश्वासू मित्र’ हा किताब मिळून जेमतेम आठ वर्षं झाली होती.

गवताचा सत्याग्रह

या भांडणात खऱ्या मालकांना, म्हणजे इथल्या लोकांना, कोणी विचारलंच नाही. लोकांचे प्रश्न वेगळे होते. जंगल राखीव झाल्याने गुरांच्या चाऱ्यालाही परवाना लागत होता. वणीत जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला आणि अटक करून घेतली. राजे आणि साहेब मालकीवर भांडत होते, तेव्हा इथला माणूस आपल्या गुरांच्या तोंडच्या गवतासाठी तुरुंगात गेला. यवतमाळने या दिवसाचा अभिमान बाळगावा.

राज्य नसलेला युवराज

१९३६ मध्ये इंग्रजांनी निजामाची समजूत काढली. वऱ्हाडवर निजामाची मालकी मान्य, इंग्रजांच्या झेंड्याशेजारी त्याचा झेंडाही लागेल, मात्र कारभार मध्यप्रांताबरोबरच चालेल. युवराज आझम जाह याला किताब मिळाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’. त्याची पत्नी दुर्रूशेहवार ही शेवटच्या उस्मानी खलिफाची मुलगी. १९३१ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात त्यांचं लग्न झालं होतं. म्हणजे इस्तंबूलची शाहजादी कागदोपत्री आपल्या यवतमाळ-अकोल्याची युवराज्ञी झाली!

जुलै १९४७ मध्ये हैदराबादचं शिष्टमंडळ माउंटबॅटनला भेटलं, तेव्हाही वऱ्हाड परत करा ही मागणी विषयपत्रिकेत होती. ती मान्य झाली नाही. सप्टेंबर १९४८ मधल्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि वाद संपला. १९५६ मध्ये पैनगंगेच्या दोन्ही काठांवरची मराठी माणसं एका राज्यात आली.

जगातही हाच हिशोब

१९७३: अरब देशांनी तेलाचा पुरवठा आवळला. जवळपास सगळं तेल बाहेरून आणणारा जपान हा इस्रायलच्या पाठीराख्या अमेरिकेचा पक्का मित्र. तरी २२ नोव्हेंबरला त्याने इस्रायलने १९६७ मध्ये घेतलेल्या प्रदेशातून माघार घ्यावी, अशी जाहीर भूमिका घेतली.

१९९०: इराकने कुवेत गिळला. इराकविरोधी आघाडीत आलेल्या इजिप्तचं सुमारे ७ अब्ज डॉलरचं कर्ज अमेरिकेने माफ केलं. सुरक्षा परिषदेत बळाच्या वापराविरुद्ध मत देणाऱ्या येमेनची सुमारे ७ कोटी डॉलरची मदत थांबली.

२०१२: कंबोडियात भरलेल्या आसियान परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठकीत दक्षिण चीन समुद्राच्या वादामुळे संयुक्त निवेदनच निघालं नाही. ४५ वर्षांत प्रथमच! यजमान कंबोडियात चीनची मोठी गुंतवणूक होती.

पुढची बातमी वाचताना

एखाद्या सीमावादात अमुक देश तमुकाच्या पाठीशी उभा राहिला, अशी बातमी आली की तीन गोष्टी तपासा. त्या जमिनीत किंवा समुद्रात काय पिकतं, काय निघतं? ते विकत कोण घेतं? आणि कर्ज कोणाचं कोणावर आहे? उत्तरं मिळाली की पाठिंबा किती दिवस टिकेल, याचा अंदाज बांधता येतो. निजामाने फौज दिली, पैसा दिला, विमानं दिली. किताब मिळाले, वऱ्हाड नाही.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि तोच बहुतेक वेळा राहून जातो: त्या जमिनीवर राहणाऱ्यांना कोणी विचारलं का? यवतमाळला ९५ वर्षांत एकदाही विचारलं गेलं नाही. म्हणूनच जगात कुठेही मुलखाचा सौदा चालला असेल, तर तिथल्या कास्तकाराच्या, गुराख्याच्या, मासेमाराच्या बाजूने बोलायचा हक्क आपल्याला नक्की आहे. तो वापरू या.